बाटल्या चार, गट एकच

गोडी छाटणी होऊन बागा पोंग्यात आल्या की माझ्या फोनवर एकच प्रश्न येतो. "दादा, डाऊनीला यंदा नवीन काय आलंय?" परवा एका दिवसात चौघांनी विचारलं. चौघांनाही मी उलटा प्रश्न केला, गेल्या वर्षी काय काय मारलं त्याचे गट सांग. चौघांनी बाटल्यांची नावं धडाधडा सांगितली. कंपन्या सांगितल्या, दर सांगितले. गट एकालाही सांगता आला नाही. त्यातला एक बी.एस्सी. अ‍ॅग्री आहे.

म्हणून आज जरा भांडायचं आहे. सल्लागारांशी, दुकानदारांशी आणि सगळ्यात जास्त आपल्याच लोकांशी. मीही त्यात आलो, कारण पहिला गाढवपणा माझाच सांगणार आहे.

२०१९ चा ऑक्टोबर आठवतोय ना? पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. छाटण्या झालेल्या, कोवळी फूट बाहेर, ट्रॅक्टर बागेत जाईना. मी तेव्हा एका सल्लागाराच्या शेड्यूलवर चालत होतो. नाव घेत नाही, माणूस वाईट नव्हता. त्या हंगामाची वही माझ्याकडे अजून आहे. पहिली फवारणी अ‍ॅझॉक्सिस्ट्रोबिन. चार दिवसांनी फेमोक्झाडोन अधिक सायमोक्झॅनिल. मग पायराक्लोस्ट्रोबिन अधिक मेटिराम. मग फेनामिडोन अधिक मॅन्कोझेब. चार वेगळ्या बाटल्या, चार वेगळे रंग. मला वाटलं आपण औषधं आलटून पालटून मारतोय, शास्त्रशुद्ध काम चाललंय. अन् पानं पालथी केली की पांढरी लव तशीच. घडांवर गेली ती पुढं.

आता ती वही घ्या आणि प्रत्येक औषधाचा गट लिहा. अ‍ॅझॉक्सिस्ट्रोबिन, गट ११. फेमोक्झाडोन, गट ११. पायराक्लोस्ट्रोबिन, गट ११. फेनामिडोन, गट ११. सोबतचे जोडीदार वेगळे होते हे खरं, आणि जे काही थोडंफार वाचलं ते त्या जोडीदारांमुळेच वाचलं असेल. पण ज्या आंतरप्रवाही औषधाचे पैसे मी मोजले ते चारही वेळा एकच होतं. रोगानं पहिल्यांदा ओळखलं, मला ओळखायला पुढचा उन्हाळा लागला.

हे गट म्हणजे काय? रोगाच्या जिवाच्या शरीरात औषध नेमकं कुठं जाऊन काम बंद पाडतं, त्या जागेवरून केलेले क्रमांक आहेत. फ्रॅक नावाची आंतरराष्ट्रीय समिती ते ठरवते आणि यादी सगळ्यांसाठी खुली आहे. गट ११ ची औषधं त्या जिवाच्या पेशीत ऊर्जा तयार होते तिथं, सायटोक्रोम बी नावाच्या प्रथिनावर जाऊन बसतात. त्या प्रथिनात १४३ व्या जागी ग्लायसीन असतं. तिथं ग्लायसीन जाऊन अ‍ॅलानीन आलं, एवढा एकच मणी बदलला, की औषधाला बसायला जागा उरत नाही. मग बाटली कुठल्याही कंपनीची आणा, डोस दीडपट करा, स्टिकर घाला, पावसाचे चार थेंब वाया जावेत तसे पैसे जातात. गट एक असला की एका औषधाला सरावलेला रोग बाकीच्यांनाही सरावलेला असतो.

"दादा, हे परदेशातलं." नाही भाऊ, हे आपल्या बागेतलं आहे. पुण्याच्या मांजरीतलं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र तुम्हाला माहीत आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी महाराष्ट्रातल्या बागांमधून डाऊनीचे नमुने गोळा केले, तपासले, आणि गट ११ ला दाद न देणारी डाऊनी आपल्याकडे आहे असं २०१६ मध्ये 'प्लांट डिसीज' या अमेरिकेतल्या नियतकालिकात छापलं. पुढच्याच वर्षी गट ४० बद्दल तसंच आलं. गट ४० म्हणजे डायमेथोमॉर्फ, इप्रोव्हॅलिकार्ब, मॅन्डीप्रोपॅमिड. आता तुमच्या वहीत हे तीन लागोपाठ सापडतात का बघा. माझ्या २०१९ च्या वहीत गट ११ नंतर तेच होते.

म्हणजे मी जेव्हा ती चार फवारण्या करत होतो, तेव्हा उत्तर छापून तीन वर्षं झाली होती. इंग्रजीत. मला ते ना दुकानात कळलं ना मेळाव्यात. मेळाव्यात कळलं ते नव्या बाटलीचं नाव, आणि टोपी मिळाली.

मी एवढ्या खात्रीनं का बोलतो ते सांगतो, आणि त्यासाठी थोडं सफरचंदाकडं जावं लागेल. हसू नका. आपल्या भागात बांधावर एचआरएमएन-९९ ची झाडं लावणारे काही जण झालेत, तेव्हा सफरचंद काही एकदम परकं राहिलेलं नाही. पण माझं कारण वेगळं आहे. सफरचंदाला स्कॅब नावाचा रोग येतो. व्हेंच्युरिया इनइक्वॅलिस ही त्याची बुरशी. पानावर आणि फळावर काळपट मखमली डाग, मग फळ तडकतं, खरबरीत होतं, बाजारातून बाद. काश्मीरमध्ये तो १९३५ मध्ये नोंदला गेला आणि १९७३ मध्ये साथीसारखा पसरला. हिमाचलात १९७७ ला दिसला, १९८३ ला बागाच्या बागा डागाळल्या. फळबागेच्या रोगांमध्ये ज्यावर जगात सगळ्यात जास्त काम झालंय, अशा मोजक्या रोगांत हा येतो. त्यामुळं आपण आज डाऊनीत जे भोगतोय ते सफरचंदवाल्यांनी आधी भोगलंय, आणि त्याची नोंद आहे.

नोंद अशी. पन्नासच्या दशकाच्या शेवटी डोडीन आलं. न्यूयॉर्कच्या बागायतदारांना वाटलं, सुटलो. दहाएक वर्षं मारलं. १९६९ मध्ये तिथल्याच शास्त्रज्ञांनी छापलं की डोडीनला न जुमानणारा स्कॅब आलाय. मग बेनोमिल आलं, ते तर त्याहून लवकर गेलं, सत्तरच्या दशकातच. मग ट्रायझोल आणि त्यांची भावंडं आली, त्यांची धार हळूहळू बोथट झाली. मग स्ट्रोबिल्युरिन आले, म्हणजे आपला गट ११, आणि स्कॅबच्या बुरशीतही तोच १४३ व्या जागेचा बदल सापडला. आपल्या डाऊनीत सापडला तोच. गंमत बघा, स्कॅब ही खरी बुरशी आहे आणि डाऊनीचा जीव शास्त्रीयदृष्ट्या बुरशी नाहीच, तो पाणबुरशीच्या वेगळ्या कुळातला, शेवाळाला जवळचा. (म्हणूनच भुरीला चालणारं हेक्झाकोनाझोल डाऊनीवर मारून काही होत नाही. तरी मारणारे आहेत. गेल्या वर्षी आमच्याच शिवारात पाहिले.) इतके लांबचे दोन जीव, दोन वेगळी पिकं, दोन वेगळे देश, पण एकाच औषधातून सुटायला दोघांनी एकच वाट काढली. कारण माणसानं दोन्हीकडं एकच चूक केली.

आणि डाऊनीला स्वतःचाही इतिहास आहे. मेटॅलॅक्झिल सत्तरच्या दशकाच्या शेवटी युरोपात आलं तेव्हा ते चमत्कार मानलं गेलं. ऐंशीचं दशक लागता लागता फ्रान्सच्या बागांत ते फेल जायला लागलं. दोन-चार हंगाम. आपल्याकडं मात्र अजून कुणीतरी म्हणतोच, "मेटॅलॅक्झिल मार, जुनं ते सोनं." जुनं आणि सोनं असलेलं एकच औषध मला माहीत आहे, ते मोरचूद-चुना. १८८५ पासून चाललंय. ते एका जागी नाही, दहा जागी मारतं, म्हणून रोगाला त्यातून वाट काढता आलेली नाही.

आता सफरचंदवाल्यांनी दुसरी गोष्ट काय केली ते बघा, आणि इथंच माझं खरं भांडण आहे. १९४४ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या मिल्स नावाच्या शास्त्रज्ञानं एक साधा तक्ता केला. पान किती तास ओलं राहिलं आणि तेव्हा तापमान किती होतं, एवढंच. १६ ते २४ अंशात पान सलग ९ तास ओलं राहिलं तर हलकी लागण, १२ तासांना मध्यम, १८ तासांना भारी. १० अंशांवर आलं तर हलक्या लागणीलाच १४ तास लागतात. बस. हा तक्ता खिशात असला की बागायतदार पाऊस थांबल्यावर घड्याळ बघून ठरवू शकत होता, फवारायचं की नाही. १९८९ मध्ये मॅकहार्डी आणि गॅडोरी या दोघांनी तो तपासून दुरुस्त केला, तासांमधले साधारण तीन कमी केले. त्यांनी हेही पाहिलं की जमिनीवर पडलेल्या जुन्या पानांतून स्कॅबचे बीजाणू मुख्यतः उजेडात उडतात, म्हणून रात्री पाऊस आला तर तास मोजायला उजाडल्यापासून सुरुवात करायची. एवढं बारीक. तीच पानं गळल्यावर युरिया मारून किंवा कुट्टी करून कुजवली की पुढच्या हंगामाचा रोगच कमी होतो, हेही सफरचंदवाल्यांना कळलं. यातला गॅडोरी पुढं द्राक्षाच्या रोगांकडं वळला.

आपल्याकडं काय आहे? चार दिवसांचं शेड्यूल. आज हे, चौथ्या दिवशी ते, आठव्या दिवशी ते. पाऊस पडो न पडो, दव पडो न पडो. कॅलेंडर बघून औषध मारायचं तर मग आकाशाकडं बघायचंच कशाला?

"मग इकडचा तक्ता दे ना." देतो, पण आधी हे समजून घ्या की बाहेरचा तक्ता जसाच्या तसा इथं चालत नाही. इटलीत बाल्डाची यांनी १९४७ मध्ये डाऊनीसाठी तीन दहांचा नियम दिला. तापमान १० अंशांच्या वर, फूट १० सेंटिमीटरची, आणि एक-दोन दिवसांत १० मिलिमीटर पाऊस. तिन्ही जमलं की पहिली लागण. त्यांच्याकडं थंडी संपून वसंत येतो, म्हणून तापमानाची अट कामाची आहे. आपल्याकडं ऑक्टोबर-नोव्हेंबरात निफाड-दिंडोरीला दिवसभराचं तापमान दहाच्या वरच असतं, आणि वेलीवर वर्षभर पान असतं. ऑगस्ट-सप्टेंबरच्या जुन्या पानांवरची डाऊनी सरळ नव्या फुटीवर येते. म्हणजे तीनपैकी एक अट कायमची पूर्ण, आणि पावसाची अट तर नोव्हेंबरात दवानंच भागते. त्यामुळं आपल्याला आपले तास हवेत.

जे ठाम माहीत आहे ते एवढं. डाऊनी लव धरते रात्री, अंधारात, हवेत आर्द्रता ९५ टक्क्यांच्या वर गेली आणि अशी साधारण चार तास राहिली की. तेलकट डागाच्या पाठीमागं सकाळी जी पांढरी लव दिसते ती त्याच रात्रीची. त्यातून पोहणारे बीजाणू सुटतात, त्यांना पोहायला पानावर पाणी लागतं, आणि ते पानाच्या खालच्या बाजूच्या रंध्रांतून आत घुसतात. २० ते २५ अंशात हे काम दोन-तीन तासांत उरकतं. म्हणजे आपल्यासाठी महत्त्वाचा आकडा आहे, उजाडल्यानंतर पान किती वेळ ओलं राहतं. सात वाजता सुकलं तर एक गोष्ट, साडेनऊपर्यंत ओलं तर वेगळी गोष्ट. हा फरक कॅनॉपीवरही ठरतो. दाट बाग आणि फेलफूट काढलेली मोकळी बाग, एकाच शिवारात, एकाच दवात, दोन तासांचा फरक पडतो. मी स्वतः गेले तीन हंगाम पहाटे बागेत जाऊन पान हातानं चाचपतो आणि वहीत वेळ लिहितो. बायको म्हणते, याच्यापेक्षा देवपूजा केली असती तर पुण्य लागलं असतं.

आणि हे हातानं कशाला करावं लागतं, तेही विचारा. महावेधची हवामान केंद्रं महसूल मंडळागणिक उभी आहेत. पाऊस, तापमान, आर्द्रता, वारा, सगळं मोजतात. पण पान किती तास ओलं होतं आणि त्यावरून आज रात्री माझ्या मंडळात डाऊनीला वाव होता की नाही, हा एक आकडा सकाळी सहाला माझ्या मोबाईलवर येत नाही. ज्यांनी स्वतःचं यंत्र बसवलंय त्यांना येतो. बाकीच्यांनी काय करायचं? शेजाऱ्यानं ब्लोअर काढला की आपणही काढायचा. माझ्या गावात फवारणीचा निर्णय आवाजावर होतो, आकड्यावर नाही.

आता उलटी बाजूही मांडतो, नाहीतर कुणीतरी म्हणेल याला बागच नाही. दोन-तीन दिवस मागं पडलं तर डाऊनी घडात जाते, आणि घडात गेलेली डाऊनी परत येत नाही. २००९ च्या नोव्हेंबरात फयान वादळाच्या पावसानंतर काय झालं ते ज्यांनी पाहिलंय ते रिकाम्या टाकीनं झोपू शकत नाहीत. कर्ज आहे, दुकानाची उधारी आहे, पोराची फी आहे. अशा माणसाला "थांब, तास मोज" म्हणणं सोपं नाही, आणि मी म्हणतही नाही. सल्लागाराचीही गोम हीच आहे. एक फवारणी कमी सांगितली आणि रोग आला तर शिव्या त्याला, एक जास्त सांगितली आणि काही झालं नाही तर शाबासकी त्याला. त्याच्या जागी मीही शेड्यूलच दिलं असतं.

पण भीतीपोटी जास्त मारायचंच असेल तर निदान वेगळ्या गटाचं मारा. इतकं तरी आपल्या हातात आहे. भीती ही गट ११ चा चौथा डोस मारण्याचं कारण होऊ शकत नाही.

आणि वेळ कमी आहे, कारण जी स्पर्शजन्य औषधं या सगळ्या आंतरप्रवाही औषधांना आतापर्यंत सांभाळत आली, तीच जायला लागलीत. युरोपीय संघानं २०२० च्या डिसेंबरात मॅन्कोझेबची मान्यता पुढं न वाढवण्याचा निर्णय घेतला. क्लोरोथॅलोनिल त्याआधीच, २०१९ मध्ये. आपला माल तिकडं जातो, तेव्हा तिकडची अवशेष मर्यादा इथल्या टाकीत येऊन बसते. २०१० ला क्लोरमेक्वाटच्या अवशेषावरून आपल्या कंटेनरांचं काय झालं ते उगावपासून पिंपळगावपर्यंत कुणालाही विचारा. मॅन्कोझेबसारखा जोडीदार गेला की गट ४०, गट २१, गट ४३, गट ४९ यांतलं जे काही अजून चालतंय ते उघडं पडतं. त्यांना आपण गट ११ सारखं वापरलं तर पुढच्या पाच-सात हंगामांत डाऊनीला काय मारणार? नवीन रेणू आपल्या मागणीवर येत नाहीत. आणि डाऊनीचे बीजाणू बांध पाळत नाहीत. मी गट नीट बदलले आणि शेजाऱ्यानं एकच गट घासला, तर त्याच्याकडं तयार झालेली न मरणारी डाऊनी माझ्याही बागेत येते. हा माझा वैयक्तिक प्रश्न राहत नाही, म्हणून या पानावर ओरडतोय.

मागणी फार मोठी नाही. ऑस्ट्रेलियात बुरशीनाशकाच्या डब्यावर गटाचा आकडा मोठ्या अक्षरात छापलेला असतो. वाचता येणाऱ्या कुणालाही दिसतो. आपल्याकडं डब्यावर फुललेला घड असतो, हसणारा शेतकरी असतो, आकडा शोधायला लागतो. तो आकडा मराठीत, घडाएवढा मोठा हवा. दुकानदारानं बिलावर औषधाच्या नावापुढं गट लिहायला हवा, दोन अक्षरांची शाई लागते. आणि छाटणीच्या आधी, सप्टेंबरातच, तालुकावार कळायला हवं की आपल्या भागातल्या डाऊनीत कुठला गट चालतोय आणि कुठला मेलाय. नमुने तपासायची विद्या पुण्यात आहे हे २०१६ लाच सिद्ध झालंय. दरवर्षी निफाड, दिंडोरी, चांदवड, सटाण्याचे नमुने तपासून एक पानाचं मराठी पत्रक निघालं तर त्या एका पानानं जेवढे पैसे वाचतील तेवढे कुठल्या अनुदानानं वाचत नाहीत. द्राक्ष बागायतदार संघानं हे मागावं, आपण संघाला मागायला लावावं.

तोपर्यंत मी काय करतो ते सांगून टाकतो, कारण विचारणार आहातच. छाटणीच्या आधी जुन्या पानांवर मोरचूद-चुना, म्हणजे नव्या फुटीला रोगाचं बियाणं कमी. छाटलेली रोगट पानं ओळीत तशीच पडू देत नाही. एका गटाचं आंतरप्रवाही हंगामात दोनदा, त्याच्या वर नाही, आणि लागोपाठ कधीच नाही. सोबत स्पर्शजन्य जोडीदार असतोच. गट ११ डाऊनीसाठी मी बंद केलाय. रोग डोळ्याला दिसायला लागल्यावर महागडं आंतरप्रवाही मारत नाही, कारण तेव्हा बागेत लाखो बीजाणू असतात आणि त्यातला सुटणारा एक निवडून आपणच वाढवतो. या पद्धतीनं गेल्या तीन हंगामांत माझी डाऊनी शून्यावर आली असं म्हणणार नाही. २०१९ सारखी मात्र झाली नाही, आणि फवारण्यांची संख्या वहीत खाली आलीय.

आता तुमचं काम. गेल्या हंगामाची फवारणीची वही काढा. वही नसेल तर दुकानाची बिलं काढा. प्रत्येक डाऊनीच्या औषधापुढं गटाचा आकडा लिहा, सापडला नाही तर मला औषधातल्या घटकाचं नाव पाठवा, मी सांगतो. मग त्या पानाचा फोटो गाव आणि छाटणीची तारीख लिहून मला पाठवा. दुकानाचं नाव, सल्लागाराचं नाव झाकून टाका, कुणाची बदनामी करायची नाही. पन्नास पानं जमली की मी ती गावागावाप्रमाणे लावतो आणि इथं टाकतो. माझी २०१९ ची वही पहिली, खाली लावलीय. चार ठिकाणी लाल शाईनं ११ लिहिलंय.